निशाणी सत्तावीस

नाव सांगा. देवराव निनावे.
वकील हसले. निनावे, अन् साक्षीला नाव?
धंदा पंक्चरचा. भंडारा रोड, कापसीच्या अलीकडे,
माझा कॉम्प्रेसर जिथं रात्रभर धापा टाकतो, तिथं.

पंच मीच होतो. सही माझीच.
पहाटे चौरागडे हवालदारानं टेपचं एक टोक हाती दिलं,
म्हणाला, ताणून धर बे, कागदात ढिल चालत नाही.
पुसातलं धुकं होतं.
दुसरं टोक दिसत नव्हतं,
नुसता आकडा ऐकू येत होता.

ट्रक उभा, डावी चाकं मातीत, उजवी डांबरावर.
मागचा दिवा नाही.
सळाखी फाळक्याबाहेर पाच फूट दोन इंच.
मोटारसायकल आडवी, डबा उघडा पडलेला,
डब्यात वांग्याची भाजी,
अन् हे पंचनाम्यात नाही,
एका वेगळ्या झाकणात मिरचीचं लोणचं.
ब्रेक घासल्याची खूण: आढळून आली नाही.

त्या एका ओळीवर कंपनीचे वकील
बोट ठेवून बसले.
बघा, मयतानं ब्रेक मारलाच नाही.
बेफिकिरी. निदान निम्मी.
अरे, पण माणूस ब्रेक मारते ते काही दिसल्यावर.
हे मनात. विचारलं तेवढंच सांगायचं,
असं मला बाहेर चहा पाजताना समजावलं होतं.

समोरच्या बाकावर सुलभा हेडाऊ,
मांडीवर प्लास्टिकची फाईल.
नवरा मौद्याच्या पहिल्या पाळीला निघालेला.
वय चौतीस, म्हणून गुणायचं सोळानं.
पगारातला तिसरा हिस्सा वजा,
तो स्वतःवर खर्च करत असेल म्हणून.
ती एकदाच बोलली, तेही वकिलाला नाही, बाकाला:
चहासुद्धा घरूनच पिऊन जायचे ते.

मग फोटो आला. निशाणी सत्तावीस.
सळाखींच्या टोकाला लाल फडकं.
नीट पाहा. पंचनाम्याच्या वेळी हे होतं?
होतं.
बांधलेलं?
बांधलेलं.
वकिलांनी चष्मा काढून खिशात ठेवला.
धोक्याची खूण होती, मागून येणाऱ्यानं पाहिली नाही.
झालं त्यांचं काम.

होतं, हे काही खोटं नाही.
फोटोत काठ दिसून राहिला होता,
पांढऱ्या साखळीटाक्याची ओळ,
मधे एक टाका चुकलेला.
तो टाका घालताना बायको माझ्यावर चिडली होती,
का, ते आता आठवत नाही.
पोरीचा दुसरीतला फ्रॉक.
आखूड झाला, मग टायर पुसायच्या चिंध्यांत गेला.

ड्रायव्हर आला तेव्हा पाच वाजले नव्हते.
पलामूचा पोरगा, मिसरूड नुकतं फुटलेलं.
लाल कपडा है क्या, चाचा?
कशाला, ते मी विचारलं नाही.
आवाज मीही ऐकला होता.
विचारलं नाही, कारण मालकाच्या अकरा गाड्या
माझ्याकडंच हवा भरतात.
विचारलं नाही, कारण त्याचे दात वाजत होते.
यातलं खरं कारण कोणतं, ते मला दोन वर्षांत
ठरवता आलं नाही.

आणखी काही सांगायचं?
न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं,
पुढच्या दाव्याचे कागद शोधता शोधता.

साहेब, फडकं कोरडं होतं.

काय?

सळाखी दवानं निथळत होत्या.
टेपसुद्धा ओली झाली माझ्या हातात.
फडकं कोरडं होतं.
अन् ते माझ्या घरचं आहे.

पंख्याचा आवाज अचानक मोठा झाला.
वकील खिशात चष्मा चाचपू लागले.
सुलभाबाईंनी माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदा,
अन् त्या पाहण्यात उपकार नव्हते.
टायपिस्ट मॅडमची बोटं अधांतरी,
त्या न्यायाधीशांना विचारत होत्या,
हे लिहू का?